मिटायचं राहिलेलं विमान

सुधाआत्या,

विमानाचे दोन्ही अर्धे अजून तुझ्या टेबलावरच आहेत. मेणाच्या ट्रेमध्ये, मलमलीच्या फडक्याखाली, तू ठेवलेस तसेच. परवा तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेली मोठी पातेली ज्याची त्याला परत गेली, आईने सतरंज्या गच्चीवर उन्हात टाकल्या. घर इतकं रिकामं झालं आहे की काचीगुडा स्टेशनवरच्या घोषणा स्वयंपाकघरात ऐकू येतात. तेलुगू, हिंदी, इंग्रजी. तू तिन्ही भाषांतल्या चुका काढायचीस आणि मग म्हणायचीस, गाडी मात्र बिचारी बरोबर रुळावरून जाते.

मी मराठीत लिहिते आहे. ही भाषा मला शाळेने दिली नाही, तू दिलीस. रविवारी सकाळी समोर बसवून, मोठ्याने वाचायला लावून. मी अडखळले तरी तू पुढचा शब्द सांगायची नाहीस. थांबायचीस. आता अडखळते तेव्हा समोर तसं थांबलेलं कुणी नसतं.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. खरं म्हणजे ते मी जिंकले आहे, काही न करता, तू गेलीस एवढ्याच कारणाने. बाबा माझ्या बाजूने झाले. तुझ्या कॉलेजातलेही. पुढच्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत हे विमान मांडायचं ठरलं आहे. उघडं, दोन्ही अर्धे शेजारी शेजारी, म्हणजे तू आत काय काय केलंस ते सगळ्यांना दिसेल. गेली कितीतरी वर्षं मी हेच म्हणत होते. आणि आता मला ते नको आहे.

हे विमान आपल्या घरात चुकून आलं. आईचे मावसभाऊ बऱ्याच वर्षांनी इंग्लंडहून भेटायला आले, तेव्हा त्यांच्या डोक्यात आपल्या घरात एक मुलगा होता. मुलगा नव्हता, मी होते. सुटे भाग चिकटवून विमान करायचं प्लास्टिकचं किट होतं ते; खोक्यावर चार इंजिनांचं काळंकुट्ट बॉम्बर ढगांतून चाललं होतं. त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून हसले. आई म्हणाली, राहू द्या, कुणाच्या तरी मुलाला देऊ. खोकं माळ्यावर गेलं. ते तू खाली काढलंस, तेही विमानासाठी नाही. तुला सूक्ष्मदर्शकाच्या काचा ठेवायला रिकामं खोकं हवं होतं.

पण तू रिकामं करायच्या आधी आत पाहिलंस. सगळे सुटे भाग पलंगावर ओतलेस, सूचनांचा कागद उलटसुलट केलास. मी दाराशी उभी होते.

"आत काहीच दिलं नाही गं यांनी," तू म्हणालीस. "बाहेर एकेक खिळा दाखवलाय. आणि आत एक खुर्ची आणि एक बाहुला. बाकीची माणसं कुठं बसायची?"

मला कुणी बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, आणि बोलावलं तर आणखीच येता येत नाही, हे घरात फक्त तुला माहीत होतं. तू बोलावलं नाहीस. नुसता चिमटा माझ्या दिशेने पुढे केलास.

तिथून सुरू झालं. कॉलेजात ज्या हातांनी तू मुलींना झुरळाच्या लाळग्रंथी न तोडता सोडवायला शिकवायचीस, त्याच हातांनी तू बहात्तर पटींनी लहान माणसांच्या बसायच्या जागा करायला लागलीस. तीच तुझी पेटी, त्याच सुया, तेच स्टँडवरचं भिंग. विमानाच्या धडाचे दोन अर्धे तू मेणाच्या ट्रेमध्ये आडवे ठेवायचीस आणि ते हलू नयेत म्हणून कडेने टाचण्या खोचायचीस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. विमान बेडकासारखं उताणं पडलं होतं.

जे बाजारात मिळत नाही ते घरात असतं, हा तुझा नियम. इंजेक्शनच्या सुईचा तुकडा म्हणजे ऑक्सिजनची नळी. फ्यूजची तार म्हणजे टेबलावरच्या दिव्याची मान. घड्याळांच्या तबकड्या जुन्या पोस्टकार्डाला सुईने टोचून, काळ्या शाईत बुडवून, टोकाने खरवडून. भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडून येतात त्या काड्या आपण मेणबत्तीवर धरून ताणायचो, केसाएवढी तार निघायची आणि तू श्वास रोखून म्हणायचीस, "सोडू नको, सोडू नको, आता सोड."

आणि टूथपेस्टची ट्यूब. खुर्च्यांच्या पट्ट्यांना तिच्याएवढा मऊ पत्रा दुसरा नव्हता, त्यामुळे आपल्या घरात कुठलीही ट्यूब संपेपर्यंत जगली नाही. बाबा सकाळी न्हाणीघरातून ओरडायचे की या घरात वकिलाला दात घासायला पेस्ट बशीत मिळते. मग एक दिवस दुकानातून आणलेली ट्यूब प्लास्टिकची निघाली. तेव्हा सगळीकडेच नवं नवं येत होतं. टीव्हीवर परदेशी चॅनेल, कोटी बाजारातल्या दुकानांत परदेशी चॉकलेटं. बाबा रोज संध्याकाळी उदारीकरणावर आईला भाषण देत, आणि आई भाजी निवडत हं हं म्हणे. तुझं त्यावर एकच मत होतं. "देशाचं काय व्हायचं ते होवो, आपला पत्रा गेला." मग आपली कामवाली यादम्मा चिक्कडपल्लीतल्या तिच्या दुसऱ्या कामांवरून जुन्या ट्यूबा शोधून आणायला लागली. झाडू ठेवायच्या आधी कमरेची पिशवी सोडून तुझ्या टेबलावर ठेवायची: "लेव टीचरम्मा, विमान का पट्टा."

तुझी ती चूक मला आठवते तेव्हा अजून हसू येतं आणि मग हसू कुठे ठेवायचं ते कळत नाही. किटमध्ये वैमानिकाची खुर्ची एकच होती. तू ठरवलंस की दुसरी टाकायची राहिली. बाहेरून बघ, तू मला समजावलंस, दोन पंख, दोन शेपट्या, दोन्ही बाजूंना दोन दोन इंजिनं. मग चालवणारेही दोन. सगळी दसऱ्याची सुट्टी तू उजवीकडची खुर्ची करण्यात घालवलीस. हात ठेवायच्या दांड्या, पाठीचा कमानदार पत्रा, समोर अर्धं चाक. ती कंपनीच्या खुर्चीपेक्षा सुरेख झाली होती.

आणि मग एका रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत तुला ते मुखपृष्ठ फाटलेलं विमानांचं पुस्तक सापडलं. तू छत्री माझ्याकडे दिलीस आणि भर उन्हात उभ्याने वाचायला लागलीस. त्यात आपल्याच विमानाचं कापून दाखवलेलं चित्र होतं. वैमानिक एकच, डावीकडे. उजवीकडे यंत्रांकडे बघणाऱ्या माणसासाठी एक मिटवायची साधी बैठक, स्टुलासारखी. तू पुस्तक मिटलंस, "इत्ते को नक्को, फटेला है" असं म्हणून भाव पाडलास, आणि घरापर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं तुला फार लागलं.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता तू हसायला लागलीस. "बेडूक बाहेरून डावा उजवा सारखा," तू म्हणालीस, "आणि आत जठर एका अंगाला. पंचवीस वर्षं पोरींच्या डोक्यात घालतेय, बाहेरच्या सारखेपणावरून आतलं ठरवू नका म्हणून. आणि मी काय केलं?" चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकी हसलीस. मग बसलीस आणि ती सुंदर खुर्ची चिमट्याने मोडून बाहेर काढलीस. मलाच रडू येत होतं. तू ती खिडकीत ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी यादम्माने कचऱ्याबरोबर झाडून टाकली. बाबा म्हणाले, चला, एक ड्रायव्हर कमी झाला, पगार वाचला.

बाबांची थट्टा रोजचीच. कोर्टातून आले की गाऊन खुंटीला लावायच्या आधी तुझ्या दारात थांबायचे. "काय प्रोफेसरीणबाई, बॉम्ब कधी टाकायलात?" तू मान वर न करता: "आधी तुझ्या कोर्टावर टाकते, दादा. तारखा तरी संपतील." ते आत मात्र कधी आले नाहीत. भिंगातून कधी पाहिलं नाही. तुला त्याचं काही वाटायचं की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटायचं.

बॉम्बची गोष्ट मीही एकदा काढली होती, थट्टेने नाही. पुस्तकात खाली जळत असलेल्या शहराचं छायाचित्र होतं आणि मला दोन दिवस टेबलाशी बसवेना. मी विचारलं की असल्या विमानाच्या खुर्च्यांचे पट्टे आपण एवढ्या प्रेमाने का करतो. तू नंतर म्हणालीस, की आतली सात माणसं बहुतेक तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या वयाची होती. खालीही माणसं होती आणि आतही होती. "मला आतल्यांच्या जागा करता येतात, नीलू. खालच्यांचं काय करावं ते मला येत नाही." किटमधले बॉम्ब तू काडीवरून तोडलेच नाहीस. पोटाची दारं बंद करून टाकलीस. तुझं उत्तर मला तेव्हा अपुरं वाटलं. आजही वाटतं. पण तू ते अपुरं आहे हे लपवलं नव्हतंस, आणि तेवढ्यावर मी पुन्हा टेबलाशी आले.

वैमानिकाच्या मागे नॅव्हिगेटरची जागा. सगळ्यांना वाट सांगणारा माणूस. त्याच्या टेबलावर दिवा असायचा आणि त्याचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून भोवती जाड काळा पडदा. म्हणजे वाट सांगणाऱ्यालाच बाहेरचं काही दिसायचं नाही. तो पडद्यामागे बसून नकाशावर रेघा ओढायचा आणि बाकीचे त्याच्या भरवशावर अंधारात जायचे. पुस्तकातून हे तू मला वाचून दाखवलंस आणि पुस्तक खाली ठेवून म्हणालीस, "ही जागा तू कर." का ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. त्या जागेवर मी एक अख्खा उन्हाळा घालवला. टेबल, नखाच्या पांढऱ्या टोकाएवढा नकाशा, पट्टी, पेन्सिल. पेन्सिल तू भिंगाखाली बराच वेळ बघितलीस आणि म्हणालीस, "टोक केलंयस." झाडूच्या काडीच्या तुसाला मी टोक केलं होतं.

पडदा लागला आणि भांडण सुरू झालं. दोन अर्धे जोडले की यातलं काही दिसणार नव्हतं. वरच्या काचेतून वैमानिकाची खुर्ची आणि थोडी घड्याळं. पडद्यामागचं काही नाही. मी म्हटलं, मग असंच ठेवू या, उघडं.

"जोडायचं असतं ते," तू म्हणालीस.

"मग केलं कशाला?"

"बसणाऱ्यांसाठी."

"बसणारं कुणी नाहीये, आत्या."

"मग जागेसाठी."

मी घरात कुणाशी भांडत नाही. पण तुझ्याशी भांडायचे, कारण तू आवाज चढवायची नाहीस आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघायचीस. मी म्हणायचे, हे न दाखवणं म्हणजे खोटा नम्रपणा आहे. तू म्हणायचीस, नम्रपणा कसला, मला चांगलं माहीत आहे किती छान झालंय ते. मी म्हणायचे, निदान बाबांना तरी बघू दे. तू म्हणायचीस, दादाला दार उघडंच आहे.

मग एकदा, बाहेर विजा चमकत होत्या आणि दिवे गेले होते, म्हणून काम थांबलं होतं, तेव्हा तू ते बोललीस. मला ते शब्दाला शब्द पाठ आहे.

"सगळी नोकरी उघडण्यात गेली गं. पोट उघडा, टाचण्या लावा, नावं द्या. घंटा झाली की बादलीत. एकही परत शिवला नाही कुणी. मी पण नाही. एवढं एक तरी मिटू दे मला."

मला ते पटलं नव्हतं. त्यानंतर तू जेव्हा जेव्हा म्हणालीस, चल आता जोडू या, तेव्हा तेव्हा मला काहीतरी राहिलेलं सापडायचं. वायरलेसवाल्याचे कानाचे डबे. पडद्याची कडी. आग विझवायचा लहान बंब. तुला ते कळत नव्हतं असं नाही. तूही भिंग जवळ ओढून म्हणायचीस, हौ की, बंब राहिलाच. संपायला नको होतं ते आपल्या दोघींनाही.

मग तुझा हात थरथरायला लागला. त्याबद्दल तू टेबलाशी कधी बोलली नाहीस. चिमटा माझ्या बाजूला ठेवायला लागलीस, एवढंच. जिना चढताना मध्ये थांबायचीस आणि थांबण्याला काहीतरी कारण द्यायचीस, कुंडीला पाणी नाही का गं, असं. दवाखान्यात तू विमानाचं नाव काढलं नाहीस. मी जेवले का विचारायचीस. मी हो म्हणायचे. जे सांगायचं होतं ते दुसरंच होतं: की साऱ्या हैदराबादेत तुझ्या टेबलाची ती एक बाजूच अशी होती जिथे काय बोलावं याची तयारी करून मला बसावं लागत नव्हतं. ते वाक्य मी रोज घरून तयार करून नेत होते. इंग्रजीत सोपं होतं. मराठीत ते जड व्हायचं, आणि मग नर्स यायची.

तू गेल्यावर तुझं कपाट उघडलं. उघडावंच लागतं, मला कळतं ते. नांदेडहून आलेल्या मावश्या, काकू, शेजारच्या बायका, सगळ्या मायेच्याच होत्या. हातात काठाची साडी आली की आधी रडायच्या आणि मग ती कुणाला द्यायची ते ठरवायच्या. तुझ्या साड्या, तुझी शाल, तुझे हातरुमाल, तू जपून ठेवलेली चहाच्या डब्यांची रिकामी झाकणं, सगळं पलंगावर पसरलं. आतल्या खणात काही आहे का बघ गं, कुणीतरी म्हणालं. काही नव्हतं. मग सगळ्या माझ्याकडे वळून म्हणाल्या: तू जवळची होतीस तिच्या, बोलली असेल की काही. लग्न का नाही केलं? कुणी होतं का?

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांना वाटलं मी लपवते आहे. पण मला खरंच माहीत नाही, आत्या. मी कधी विचारलं नाही, आणि तूही मला, तुझ्या मनात काय चाललंय, असं कधी विचारलं नाहीस. एवढी वर्षं आपण गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि एकमेकींना उघडलं नाही. त्या पलंगाकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की हे किती मोठं देणं होतं. टाचण्या तेवढ्या नव्हत्या. बाकी सगळं तुझ्या प्रयोगशाळेतल्यासारखं मांडलं होतं, आणि प्रत्येक वस्तूला कुणीतरी नाव देत होतं.

त्याच दिवशी तुझ्या कॉलेजच्या प्रिन्सिपलबाई जामबागहून आल्या. बोलता बोलता बाबा त्यांना तुझ्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी फडकं उचललं. बाबा स्वतः पहिल्यांदाच बघत होते, हे त्या बाईंना माहीत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, हे सगळ्यांनी पाहिलं पाहिजे. बाबा लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुतार येऊन काचेच्या पेटीचं माप घेऊन गेला.

इथपर्यंत लिहून हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. काल दुपारी बाबा तुझ्या खोलीत तुझ्या खुर्चीवर बसले होते. मी दारात उभी राहिले. बोलायच्या आधी मी मनात वाक्य जुळवते आणि तोवर विषय निघून जातो. काल विषय कुठे जाणार नव्हता.

"बाबा, विमान उघडं ठेवायचं नाही."

"काय?"

"बंद करायचं. आत्याला तसंच हवं होतं."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "लिहून ठेवलंय तिनं?"

"नाही."

"कुणासमोर बोलली?"

"माझ्यासमोर."

"तूच तर भांडायचीस तिच्याशी, उघडं ठेव म्हणून. ऐकायचो मी बाहेरून." मग त्यांचा कोर्टातला आवाज एकदम गेला. म्हणाले की आपल्या बहिणीच्या हातात काय होतं हे जन्मभर कुणाला कळलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही, ते दारातून थट्टा करत राहिले. आता निदान चार लोकांना दाखवावं, तर त्यालाही मी नाही म्हणते.

माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. मी त्यांना तुझं ते वाक्य सांगितलं, दिवे गेले होते तेव्हाचं, जसं तू बोललीस तसं. बादलीपर्यंत. मिटू दे मला, इथपर्यंत.

"असं म्हणाली?"

"हो."

स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा तिन्ही भाषांत होऊन संपली.

"मला तरी बघू दे मग," बाबा म्हणाले. "नीट."

मी टॉर्च आणला. भिंग त्यांच्या उंचीला वर घेतलं. आणि आत्या, मी बोलले. इतकं सलग मी बाबांशी कधीच बोलले नव्हते. हे पट्टे टूथपेस्टच्या ट्यूबचे. ही नळी सुईची. ही मिटवायची बैठक, आणि इथे आधी काय होतं, ती सगळी गोष्ट. ते उलटतपासणी घेतल्यासारखे एकेक विचारत होते. हे काय? हे कोणी केलं? हे कशाला?

पडद्याशी ते थांबले. "हे कापड ओळखीचं वाटतंय."

"तुमच्या गाऊनचं आहे. आतल्या शिवणीतून कापलं होतं तिने."

"विचारायचं तरी," बाबा म्हणाले, आणि बोटाने डोळ्याची कड पुसून पुन्हा भिंगाला डोळा लावला. "याला खिडकी नाही?"

"नाही."

"मग वाट कशी सांगतो?"

"बाहेर काय दिसतं ते बाकीचे त्याला सांगतात. तो नुसता रेघा ओढतो."

"आणि चुकला तर?"

"मग सगळेच चुकतात."

ते हसले, थोडंसं. "ही पेन्सिल तिची?"

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या मुलीकडे बघतात तसं ते बघणं नव्हतं.

नंतर त्यांनी विचारलं की प्रिन्सिपलबाईंना काय सांगायचं. मी म्हटलं, विमान तयार आहे म्हणून सांगा. सभेला जाईल. बंद.

कडांवरचा रंग मी ब्लेडने खरवडून घेतला, तू शिकवलंस तसा, म्हणजे प्लास्टिकला प्लास्टिक भेटेल. किटमधला गोंद कधीच वाळून गेला होता. तुझी क्लोरोफॉर्मची लहान बाटली काढली. बेडकांना गुंगी द्यायचं ते. त्याने चिकटत नाही, दोन्ही कडा विरघळून एक होतात, आणि फार पटकन होतात. दोन्ही अर्धे मी जुळवले. पडद्याची कडा आत नीट बसली आहे ना, ते एकदा पाहिलं. बाबा म्हणाले, "मी धरू?"

धड आवळून धरायला खिशात रबरबँड होते. मी ते काढले नाहीत. बाबांनी आपले फायली धरायचे जाड हात पुढे केले आणि विमानाचं धड दोन्ही बाजूंनी धरलं, लहान मुलाचा चेहरा धरावा तसं. मी बारीक ब्रशने सांध्यावरून क्लोरोफॉर्म नेलं, नाकापासून शेपटीपर्यंत, मग खालून परत. सांधा ओला झाला आणि लगेच मिटला. आतलं सगळं गेलं. मला वाटलं होतं मला सहन होणार नाही. झालं.

बाबा खाली बघत होते. खांदे हलत होते त्यांचे, पण हात हलू दिले नाहीत. तू गेल्यापासून त्यांना मी असं पाहिलं नव्हतं. तेव्हा लोक होते, सामान आणायचं होतं, भटजी होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "झालं का गं?"

केव्हाच झालं होतं.

"थोडं अजून," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले.